मद्य आणि झोपेची गोळी

पुण्याहून ताम्हिणी घाटाच्या वाटेनें निघालें म्हणजे पिरंगुट व पौड मागें पडतात आणि मुळशीचा विस्तीर्ण जलाशय दिसूं लागतो. ज्या जमिनी ह्या पाण्याखालीं जाऊं नयेत म्हणून १९२१ सालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला आणि सेनापति बापटांनीं तुरुंगवास सोसला, त्यांच्या उरलेल्या काठावर आज शहरवासीयांचे बंगले व विश्रामगृहें उभीं आहेत. शनिवारीं सायंकाळीं तेथें मित्रमंडळी जमते. मद्याची बाटली बहुधा असतेच. तिच्याविषयीं आपण पुष्कळ ऐकलें आहे. श्रोतेहो, मला बोलावयाचें आहे तें तिच्या शेजारीं येऊन बसणाऱ्या दुसऱ्या वस्तूविषयीं. ती कधीं चोरून आणलेली पूड असते. पण कधीं आपल्याच औषधांच्या डब्यांतली, आजोबांना डॉक्टरांनीं दिलेली झोपेची गोळी असते, नाहींतर कोडीन घातलेलें खोकल्याचें औषध.

दोन पेले आणि एक गोळी, दोन्ही थोडींच, असा हिशेब येथें चालत नाहीं. मेंदूंत मज्जापेशींना शांत करणारें ‘गाबा’ नांवाचें एक द्रव्य असतें. मद्य त्याचा जोर वाढवितें आणि डायझेपाम, अल्प्राझोलामसारख्या गोळ्याही तोच वाढवितात. अफूच्या जातीचीं औषधें निराळ्या मार्गानें, पण त्याच श्वसनकेंद्रावर येऊन पडतात. झोपेंत आपण श्वास घेतों तो ह्या केंद्राच्या हुकमानें. रक्तांत कर्बवायु साचला कीं केंद्र जागें होऊन श्वास वाढवितें. दोन गुंगीकारक पदार्थ एकत्र आले म्हणजे हा पहारेकरीच पेंगूं लागतो. श्वास मंदावतो, ओकारी आली तरी खोकून ती बाहेर टाकण्याची शक्ति राहत नाहीं, आणि निजलेल्या माणसाला ह्यांतलें कांहींच कळत नाहीं.

१९७५ सालीं अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतांत कॅरन ॲन क्विनलन ह्या एकवीस वर्षांच्या मुलीनें एका मेजवानींत मद्य घेतलें. शामक गोळ्याही तिच्या पोटांत होत्या. घेरी आली म्हणून तिला निजविण्यांत आलें. थोड्या वेळानें पाहतात तों श्वास बंद. ती पुन्हा कधींच शुद्धीवर आली नाहीं; १९८५ सालीं वारली. तिच्या कृत्रिम श्वसनयंत्रासंबंधींचा खटला पुढें जगभर गाजला. मला मात्र त्यांतला तो निजविण्याचा क्षण अधिक महत्त्वाचा वाटतो.

कारण आपल्याकडेही तेंच म्हणतात: “पडूं द्या, सकाळपर्यंत उतरेल.” पण पोटांतलें मद्य माणूस आडवा झाल्यावरही रक्तांत भिनतच असतें. घशांतून घरघर येऊं लागली कीं मंडळी म्हणतात, गाढ झोप लागली! ती पुष्कळदां झोप नसून अडलेला श्वास असतो. हांक मारून, खांदा हलवूनही माणूस उठत नसेल, श्वास थांबून थांबून येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर १०८ क्रमांकास तत्काळ कळवावें. जलाशयापासून पुण्याचीं मोठीं रुग्णालयें दूर, रात्रीचा रस्ता वळणांचा; हा वेळ आधींच खर्चीं पडलेला असतो. तोंपर्यंत रोग्याला कुशीवर वळवावें, एकटें सोडूं नये. काळी कॉफी, थंड पाणी, बळेंच वांती, हे उपाय करूं नयेत. श्वास थांबलाच तर फोनवरील माणूस सांगेल त्याप्रमाणें छाती दाबण्यास लागावें. पोलिसांच्या धास्तीनें दुसऱ्या पदार्थाचें नांव डॉक्टरांपासून लपवूं नये. अफूच्या औषधांवर नॅलोक्सोन हा उतारा आहे. मद्यावर त्याचा उपयोग नाहीं.

उत्तेजक पदार्थांची तऱ्हा उलटी. मेफेड्रोननें मद्याची धुंदी झांकली जाते व माणूस अधिकच पितो. कोकेन व मद्य मिळून यकृतांत कोकाएथिलीन नांवाचें तिसरेंच द्रव्य बनतें, आणि तें हृदयास जाचतें.

रोज पिणाऱ्यानें मद्य एकाएकीं सोडून घरच्याघरीं गोळ्या सुरू करणें हेंही धोक्याचें. मद्य तुटल्यावर येणारे झटके व भ्रम आवरण्यास डॉक्टर ह्याच जातीच्या गोळ्या देतात खऱ्या, पण मापून, देखरेखीखालीं आणि रोज उतरत्या प्रमाणांत. पुण्यांत १९८६ सालीं डॉ. अनिता व अनिल अवचटांनीं ‘मुक्तांगण’ काढलें तें गर्दच्या व्यसनापायीं; पुढें दारू सोडण्यासाठींही तेथें माणसें येऊं लागलीं. अशा ठिकाणीं दाखल होणारा दारूची कबुली देतो आणि गोळ्यांची कित्येकदां देत नाहीं, कारण गोळीला तो व्यसन समजतच नाहीं. सोबत जाणाऱ्या नातेवाइकांनीं म्हणून घरांतल्या गोळ्यांचीं रिकामीं पाकिटें बरोबर न्यावींत.