मंडळीच्या मुखीं राहिलेला धर्म

ख्रिस्तमंडळी हा शब्द उच्चारला म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें दगडी भिंती, उंच मनोरा आणि घंटा उभीं राहतात. परंतु मंडळी म्हणजे इमारत नव्हे. जमलेलीं माणसें ती मंडळी. हा भेद नुसता शब्दाचा नाहीं. इमारत वारशानें मिळते, आणि वेळच्या वेळीं डागडुजी केली कीं टिकते. श्रद्धा तशी मिळत नाहीं. ती प्रत्येक पिढीच्या कानांत नव्यानें घालावी लागते, आणि त्या पिढीला उमगेल अशाच भाषेंत घालावी लागते. महाराष्ट्र व गोमंतक येथील ख्रिस्ती लोकांचा गेल्या चारशें वर्षांचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

इंग्लंडांत जन्मलेले जेसुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स हे सन १५७९ मध्यें गोव्यास आले व पुढें आयुष्याचा मोठा भाग त्यांनीं सासष्टीच्या लोकांत घालविला. त्या प्रांतांत पोर्तुगीज सत्तेनें देवळें पाडलीं होतीं. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांना त्यांच्या जुन्या पोथ्याही दुरावल्या होत्या. प्रश्नोत्तररूपी धर्मपुस्तकानें त्यांची भूक भागेना. पुराण ऐकण्याची ज्यांना कित्येक पिढ्यांची संवय, त्यांना पुराणच हवें होतें. फादर स्टीफन्स यांनीं तें रचलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचें हें 'क्रिस्तपुराण' सन १६१६ मध्यें राचोल येथें रोमन लिपींत छापून निघालें. मागणी लोकांची आणि रचना धर्मगुरूंची, हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. त्या सत्तेचे जुलूम या ग्रंथानें पुसले जात नाहींत. परंतु ज्यांचें सर्वस्व हिरावलें गेलें त्यांनीं कंठांतली ओवी मात्र सोडली नाहीं, हेंही तितकेंच खरें.

पुढें सन १६४९ व १६५४ मध्यें हा ग्रंथ पुन्हां छापला गेला. या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकही छापील प्रत आज आढळत नाहीं. सन १६८४ मध्यें तर लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावी, असा सरकारी हुकूमच निघाला. मग हें पुराण वांचलें कसें? लोकांनीं तें हातानें उतरून घेतलें. एक वही जीर्ण झाली कीं दुसरी. अशा हस्तलिखितांवरूनच सन १९०७ मध्यें जोसेफ साल्दान्हा यांनीं मंगळूर येथें तें पुन्हां प्रसिद्ध केलें. मधल्या अडीचशें वर्षांत ज्यांनीं लेखणी झिजविली त्यांना कोणी धर्मोपदेशक म्हटलें नाहीं. उपदेशाचें काम मात्र त्यांच्याच वह्यांनीं केलें.

गोमंतकांतून देशावर यावें, तर तेथेंही हाच अनुभव निराळ्या रीतीनें येतो. अमेरिकन मराठी मिशननें सन १८३१ मध्यें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें काम आरंभिलें. सन १८४२ मध्यें 'ज्ञानोदय' पत्र तेथूनच निघालें. परंतु आरंभीच्या उपासनेंतील पुष्कळ गीतें विलायती चालींवर बसविलेलीं होतीं. शब्द मराठी आणि चाल परकी, असा तो बेबनाव होता. सन १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं मंडळीच्या हातीं अभंग दिला, टाळ दिला आणि भजनाची बैठक दिली. 'ख्रिस्तायन' हें त्यांचें महाकाव्य सन १९१९ मध्यें त्यांच्या मृत्यूमुळें अपुरें राहिलें. तें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. पतीच्या धर्मांतरानें ज्यांचा संसार एकदां मोडून पडला होता, ज्यांनीं स्वतः पांच वर्षांनीं, सन १९०० मध्यें, पूर्ण विचारांतीं बाप्तिस्मा घेतला, ज्यांना शालेय शिक्षण असें जवळजवळ नव्हतेंच, त्या बाईंनीं हें ओझें उचललें. मंडळीचें कार्य पाळकाबरोबर संपत नाहीं, याला याहून बोलका दाखला मिळणें कठीण.

वसईकडील कॅथलिक धर्मग्रामांत मिस्सा दीर्घकाळ लॅटिनमध्यें होत असे. सन १९६३ मध्यें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें लोकभाषांना वेदीजवळ येऊं दिलें, आणि मराठी तेथें आली. त्याच भूमींतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं 'सुबोध बायबल' सिद्ध केलें. सन २०२० मध्यें ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले.

आज प्रश्न उलट बाजूनें उभा आहे. आतां भाषा टाकण्याचा हुकूम कोणी काढीत नाहीं. ती आपण होऊन सुटत आहे. टिळकांचा अभंग आजीला मुखोद्गत असतो, आणि इंग्रजी शाळेंत जाणाऱ्या नातीला तो अक्षरें लावून वाचावा लागतो. कोठें जुनें तेंच रेटण्याचा हट्ट धरला जातो, मग तरुण मंडळी बांकावर कंटाळून बसते. कोठें मराठी उपासना आटोपती घेतली जाते, मग वृद्ध माणसें आपल्याच प्रार्थनामंदिरांत परकीं होतात. दोन्हींत सोय आहे, श्रम नाहींत. शिवाय तरुणांच्या शंका केवळ भाषेच्या नाहींत. नगरकडील मंडळ्यांत पुष्कळ घराणीं महार व मांग समाजांतून आलेलीं. देवापुढें सर्व समान, या एका वचनासाठीं त्यांच्या पूर्वजांनीं गांवाचा रोष पत्करला. त्याच मंडळींत लग्न जुळवितांना जात विचारली गेली, तर नातीनें आजीला काय विचारावें? तिला अभंग शिकवावयाचा तर या प्रश्नाचेंही उत्तर द्यावें लागतें, आणि तें व्यासपीठावरून देण्यापेक्षां स्वयंपाकघरांत देणें अधिक कठीण असतें.

तरीही कांहीं घरांतून तें दिलें जातें. रविवारची उपासना आटोपून जेवणें झालीं कीं आजी गीतांचें पुस्तक उघडते, नात एकेका शब्दावर बोट ठेवून अर्थ विचारते, आणि एखाद्या शब्दापाशीं दोघीही थांबतात.