वाघळे राखायची कशी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा विषय वाघळांचा आहे हे फळ्यावर वाचून काहींनी नाके मुरडली, ती मी पाहिली. हळदीकुंकवाच्या दिवशी हे अवलक्षण कशाला, असेही एकीने म्हटले. परंतु आपल्या वाडीतल्या मोठ्या वडावर वाघळांची वस्ती आहे, आणि तो वड तोडायचा की ठेवायचा हे येत्या पंधरवड्यात ठरायचे आहे. ते ठरविणारी माणसे आपल्याच घरांतली. तेव्हा बोलणे भाग आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मुलांनी वाचून दाखविले, वर्तमानपत्रांतून आले व बागेत डोळ्यांनी पाहिले, तेवढेच सांगते.

पहिली गोष्ट ही की वडावरच्या ह्या मोठ्या वाघळाची मादी वर्षाला एकच पिल्लू घालते. उंदराघुशींसारखी ही जात पुन्हा भरभर वाढत नाही. एका दुपारी बंदुकीने किंवा धुराने जे जाते, ते भरून यायला वर्षे लागतात.

वाघळे वाचवायची म्हटले की आधी कायद्याचे नाव निघते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वाघळे कावळ्या-उंदरांच्या पंगतीला, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसविली होती. म्हणजे मारली तरी विचारणारे कोणी नाही! सांधेदुखीवर तेल काढण्यासाठीही कितीतरी मारली गेली. २०२२ साली कायदा दुरुस्त झाला, १ एप्रिल २०२३ पासून तो लागू झाला, व ती यादीच गेली. चांगले झाले. पण पन्नास वर्षे ती वाघळे कोणी राखली? कायद्याने तर नव्हे. देवराईच्या धाकाने राखली, देवाच्या झाडाला कोयता लावू नये ह्या आजीच्या शब्दाने राखली. तामिळनाडूत काही गावे आपल्या झाडावरची वाघळे बिचकू नयेत म्हणून दिवाळीत फटाकेच उडवीत नाहीत. पोरांची दिवाळी कोरडी जाते, पण वस्ती हलत नाही.

जागा जशीच्या तशी सोडणे ह्याचे महत्त्व आपल्यापासून फार दूर नसलेल्या खानापूर तालुक्यात, बेळगाव जिल्ह्यात, दिसते. तेथे भीमगडच्या रानात बारापेडे नावाची गुहा आहे. तिच्यातले एक वटवाघूळ १९१३ साली शास्त्रज्ञांनी नोंदविले. पुढे कित्येक वर्षे जगात ते एवढ्याच एका गुहेत आहे अशी समजूत होती. नंतर ते मेघालयात व कंबोडियातही सापडले. ह्याला मात्र जुन्या कायद्यातही वाघाच्या बरोबरीचे संरक्षण होते, आणि २०११ साली ते रानच अभयारण्य झाले. जनावर राखायचे तर त्याचे घर राखावे लागते, हे आपण बायकांनी कोणाकडून शिकायला नको.

आता बागाईतदारांचे गाऱ्हाणे. नुकसान होते, ते मी नाकारीत नाही. माझ्या दारच्या चिकूची एक फांदी एका रात्रीत रिकामी झाली आहे. परंतु हापूस आपण झाडावर पिकू देतो का? तयार झाला की हिरवाच उतरवितो व पेंढ्याच्या अढीत पिकवितो. वाघळाला हवे पिकलेले, मऊ फळ. तेव्हा त्याचा डोळा रायवळावर, पेरूवर, चिकूवर. काजूचे बोंड ते उचलून नेते, चोखते आणि बी टाकून देते. गेल्या चैत्रात वडाखाली मी दोन-अडीच किलो बिया वेचल्या. हा हिशेब गाऱ्हाणे सांगताना कोणी धरीत नाही.

मारून फळे वाढतात का, हे मॉरिशसने करून पाहिले आहे. तेथे लिची व आंब्यासाठी २०१५ पासून सरकारनेच हजारो वाघळे मारविली. फळांचे उत्पन्न काही वाढले नाही, आणि २०१८ साली ती जात धोक्यातल्या जातींत गेली. झाडावर नीट जाळी घातली तेथे मात्र नुकसान कमी झाले. जाळी कशी असावी हेही सांगते. बारीक विणीची, करंगळीसुद्धा आत न जाणारी, आणि ताणून बांधलेली. सैल, मोठ्या भोकांच्या जाळीत वाघूळ गुरफटते, पंख फाटतात. मोठ्या कलमावर जाळी चढत नाही, हे खरे. पण परसातल्या चिकूवर सहज चढते.

लाकडी पेट्या टांगाव्यात असेही सुचविले जाते. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या मुखाशी भातशेतीत अशा पेट्या लावल्या, लहान वटवाघळे राहायला आली व खोडकिड्याचे पतंग त्यांनी खाल्ले. उत्तम! पण आपले मोठे वाघूळ उघड्या फांदीला लटकणारे. त्याला पेटी म्हणजे हत्तीला खुराडे. वड तोडून चार पेट्या टांगू, ही तडजोड म्हणूनच चालायची नाही.

उजेडाचेही पाहावे. स्वीडनमध्ये ज्या जुन्या चर्चांवर शोभेचे दिवे सोडले, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणची वटवाघळे निघून गेली. अंधारातल्या चर्चांत ती टिकली. आपल्या देवळावरच्या नव्या दिव्यांची तोंडे खाली वळविली तर एक पैसा खर्च नाही.

राहिली रोगाची भीती. ती खोटी नाही. केरळात २०१८ साली निपाहने माणसे गेली. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून पकडलेल्या वटवाघळांच्या रक्तात त्या विषाणूच्या खुणा पुण्याच्या संस्थेला आढळल्या. म्हणून उष्टे फळ खाऊ नये, पोरांना खाऊ देऊ नये, पडलेल्या वाघळाला उघड्या हाताने शिवू नये, वेचलेल्या बिया व हात साबणाने धुवावेत. पण हुसकून रोग जातो काय? युगांडातील किताका खाणीत मारबर्ग नावाच्या तापानंतर वाघळे मारून टाकली. काही वर्षांत नवी आली, त्यांच्यात रोगाचे प्रमाण पूर्वीच्या दुपटीहून अधिक निघाले, आणि २०१२ साली जवळच्याच इबांडा गावी साथ आली.

तर माझे म्हणणे एवढेच की वडाला हात लावू नये, त्याच्याखाली फटाके व धूर नको, आणि बाकीचे ज्याने त्याने आपल्या परसात पाहावे. वडाखालून पाणी भरायला जाणाऱ्यांच्या डोक्यावर घाण पडते, ही तक्रार रास्त आहे. त्यासाठी पाणंद चार हात पलीकडून काढता येईल, गडग्याचे दगड तेथे पडलेलेच आहेत. मंडळाच्या शिल्लक पैशांतून बारीक विणीच्या दोन जाळ्या आणल्या आहेत. त्या कपाटात खालच्या खणात आहेत. नेताना वहीत नाव लिहावे, आणि फळे उतरली की धुऊन परत आणाव्यात.