रस्त्याची उंची आणि घराचा उंबरठा



संत, साहित्य आणि इतिहास यांवरच्या व्याख्यानांच्या रांगेत आयोजकांनी रस्तेदुरुस्तीचा विषय ठेवला, याचा मला मनापासून आनंद आहे. कारंजा हे पहिल्यापासून पायी येणाऱ्यांचं गाव आहे. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मस्थान. पौष शुद्ध द्वितीयेला त्यांच्या जयंतीसाठी भाविक गुरुमंदिराकडे येतात, तेव्हा त्यांतले कितीतरी अनवाणी असतात. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची जैन मंदिरं या एका गावात आहेत. दिगंबर मुनी वाहनात बसत नाहीत, पायांत काही घालत नाहीत. त्यांचा विहार याच डांबरावरून आणि याच गिट्टीवरून होतो. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस या चार वेशींच्या आतल्या गल्ल्या माणसाच्या आणि बैलगाडीच्या मापाने पडल्या. तिथे काम निघालं की आधी कडेने चालणाऱ्याचं काय होईल ते बघावं, असं मला वाटतं.

या कामांचा सगळ्यांत मोठा परिणाम आपण दुरुस्तीत मोजतच नाही. तो आहे रस्त्याच्या वाढत्या उंचीचा. जुना रस्ता फुटला की तो खरडून किंवा खोदून न काढता त्याच्यावरच नवा थर टाकतात. सिमेंटचा एक थर साधारण अर्धा फूट धरा. एका पिढीत असे तीन थर पडले, तर रस्ता दीड फूट वर येतो. घर मात्र आजोबांनी बांधलं तिथेच राहतं. एके काळी दोन पायऱ्या चढून ज्या ओसरीवर जायचं, तिच्यात आता उतरावं लागतं. विदर्भातल्या कुठल्याही जुन्या गावाच्या गल्लीत जा, अशी घरं दिसतील.

मग पहिला जोराचा पाऊस येतो. नाली बांधली तेव्हा रस्ता खाली होता. आता ती एक तर बुजलेली असते, नाही तर तिच्या काठाची आणि रस्त्याच्या उताराची गाठच पडत नाही. पाणी सरळ दारात येतं. घरातले लोक दारापुढे विटांचा बांध घालतात. पुढच्या वर्षी तो उंच करतात. म्हाताऱ्या आईला तो ओलांडताना दाराची चौकट धरावी लागते. शेवटी जमिनीत मुरूम भरून फरशी वर घेतात, त्यामुळे छत डोक्याशी येतं आणि दार खालून कापावं लागतं. हा सगळा खर्च त्या कुटुंबाचा. रस्त्याच्या अंदाजपत्रकात त्याचा एक रुपयाही नसतो, म्हणून काम स्वस्तात झालं असं कागद सांगतो. माझी खरी तक्रार या हिशेबाबद्दल आहे.

खोदून काम करणं अवघड असतं, हे मला मान्य आहे. अरुंद बोळीत यंत्र वळत नाही, खाली नळाच्या जुन्या वाहिन्या असतात, निघालेला मलबा टाकायला जागा लागते, चार दिवसांचं काम पंधरा दिवस चालतं. तितके दिवस दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटतं, ऑटो आत येत नाही, आजारी माणसाला खाटेवरून मुख्य रस्त्यापर्यंत न्यावं लागतं. पण हा त्रास एकदाच होतो. घरात शिरणारं पाणी दर पावसाळ्यात येतं.

आता रस्ते का फुटतात, तेही पाहू. सगळा दोष ठेकेदाराच्या माथी मारून आपण मोकळे होतो, पण आपली जमीनही समजून घेतली पाहिजे. ही काळी, भारी माती कापसाला वरदान आहे. पाणी प्यायली की ती फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा देते. तिच्यावर थेट बांधलेला रस्ता दरवर्षी खालून उचलला जातो आणि खाली बसतो. म्हणून काळी माती काढून मुरूम आणि गिट्टीचा पाया दाबून घालायचा असतो आणि पाणी बाजूला काढायचं असतं. वर कितीही चांगलं काँक्रीट ओता, कडेची नाली वाहत नसेल तर पायात पाणी मुरणार आणि रस्ता तडकणार. नाली हा रस्त्याचाच भाग आहे. तिचं काम वेगळं, निधी वेगळा, वर्षही वेगळं, ही पद्धत मोडली पाहिजे.

दुसरं कारण मार्चअखेर. निधी संपवण्याची घाई, म्हणून काम निघतं ऐन उन्हाळ्यात. काँक्रीटची ताकद 28 दिवसांची धरतात आणि त्यातले निदान पहिले दोन आठवडे ते सतत ओलं राहायला हवं. गोणपाट टाकून, आळी करून पाणी भरायचं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि त्याच दिवसांत नळाला पाणी नसतं. प्यायला टँकर शोधणाऱ्या गावात रस्त्याला पाणी कोण पाजणार? मग पृष्ठभाग धूळ सोडतो आणि गिट्टी उघडी पडते. दिवाळीनंतर, थंडीच्या तोंडावर हीच कामं धरली तर तेवढंच सिमेंट कितीतरी जास्त टिकेल.

पदपथाबद्दल थोडंच बोलतो, कारण बहुतेक ठिकाणी तो नाहीच. गट्टू बसवले की पदपथ झाला असं आपण धरतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी असावी आणि कडेची उंची 15 सेंटिमीटरच्या वर नसावी. आपल्याकडे ती जागा विजेचा खांब, रोहित्र आणि उभ्या दुचाक्या खातात. फेरीवाल्याला हाकलून हा प्रश्न सुटत नाही. 2014 च्या कायद्याने त्यालाही जागा देणं बंधनकारक आहे.

गावाजवळून समृद्धी महामार्ग जातो. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, 2025 च्या जूनमध्ये 701 किलोमीटरचा सगळा मार्ग पुरा झाला. त्याच्यासाठी डोंगर फोडले, बोगदे काढले, उतार आणि पातळ्या बारकाईने मोजल्या. एवढं मोजणं ज्या राज्याला जमतं, त्याला एका गल्लीची पातळी मोजणं जमणार नाही, हे मी मानायला तयार नाही. पुण्याचा 1976 चा जंगली महाराज रस्ता टिकाऊपणाचं उदाहरण म्हणून सांगतात. तिथे रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची लेखी हमी दिली होती. आपल्या कामांनाही दोषदायित्वाचा कालावधी असतो, पण तो किती आहे आणि कधी संपतो हे गल्लीत कुणाला माहीत नसतं.

कायदा आपल्या बाजूने आहे. चांगला रस्ता आणि चालण्याजोगा पदपथ हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली, आणि ती रक्कम जबाबदार असलेल्यांकडून वसूल करायला सांगितलं.

पण अपघातानंतरच्या भरपाईपर्यंत थांबायचं कशाला? तुमच्या गल्लीत काम मंजूर झालं की नगर परिषदेकडे अंदाजपत्रकाची प्रत मागा. माहिती अधिकारात ती मिळते. त्यात जुना थर काढण्याची बाब आहे का, एवढं आधी पहा. नसेल तर काम सुरू होण्यापूर्वी लेखी हरकत द्या, आणि शेजारच्या दहा घरांच्या सह्या घ्या. मग अभियंत्यांना बोलावून प्रत्येक घराच्या भिंतीवर रंगाची एक रेघ मारून घ्या, नवा रस्ता कुठपर्यंत येणार ते दाखवणारी. ती रेघ उंबरठ्याच्या वर असेल, तर पहिली गिट्टी पडण्याआधी काम थांबवून नकाशा बदलून घ्यावा.