पंचेंद्रिये आणि आपले रान
(ज्युबिली महोत्सवानिमित्त केलेले भाषण)



चाकूरच्या परिसरात पाहण्यासारखे काय आहे, असा प्रश्न लातूर-नांदेड रस्त्याने जाणारे पाहुणे करतात. आणि खेदाची गोष्ट ही की, आपली मुलेही आता तोच प्रश्न करू लागली आहेत. नुसते पाहावयाचे म्हटले तर काळे शेत काळेच दिसणार. परंतु परमेश्वराने मनुष्यास नाक, कान, त्वचा आणि जिव्हाही दिली आहे. ती घरी ठेवून रानात जावे काय?

वैशाखात आपल्या जमिनीस ज्या भेगा पडतात, त्यांत हात घालून पाहा. वर चटका, आत गारवा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा खडक झिजून ही माती झाली; पाणी पिऊन ती फुगते, वाळली की आकसते. पुढे मृगाची पहिली सर येते आणि तो वास उठतो. या वासाचा शोध घेऊन दोघा ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी १९६४ साली त्यास नाव दिले. कनोजच्या अत्तारांनी मात्र तो त्यापूर्वीच चंदनतेलात धरून ठेवला होता. त्यातील मातकट गंध जमिनीतील सूक्ष्म जंतू निर्माण करतात, आणि आपले नाक त्याचा अत्यल्प अंशही ओळखते. ज्या लातुरास २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील माणसास या वासाची थोरवी मी काय सांगावी!

त्याच सुमारास मखमली तांबडा मृगाचा किडा बांधावर दिसतो. तळहातावर हळूच घेऊन त्याचे पाय मोजा. ते आठ भरतात. म्हणजे किडा म्हटले तरी तो कोळ्याच्या गोत्रातला. पावशाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. हा पक्षी दिसण्यात शिक्र्यासारखा, त्यामुळे डोळा हमखास फसतो. पण ‘पेरते व्हा’ ही हाक कानी पडली की शंका उरत नाही.

जिभेविषयी मात्र सावध राहावे. गुडमारचे पान चघळून साखर खाल्ल्यास ती वाळूसारखी बेचव लागते, ही गंमत खरी. तथापि जाणत्याने ओळख पटविल्याखेरीज रानातील काहीही तोंडात घालू नये. गुंजेचे सुंदर बी आणि धोतऱ्याचे फळ ही दोन्ही विषारी आहेत.

असे जाणते आपल्या धर्मगुरूंतही होऊन गेले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील स्विस जेझुइट फादर ब्लॅटर (मृत्यू १९३४) यांनी वनस्पतिसंग्रहाचा पाया घातला. त्यांच्यामागून आलेल्या स्पॅनिश फादर सांतापाव यांनी अनेक वर्षे खंडाळ्याचे डोंगर तुडवून १९५३ साली तेथील वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले व १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परदेशातून आलेल्या माणसास आपली झुडपे नावानिशी ठाऊक, आणि आपणांस मात्र सर्व ‘गवत’!

आपल्या तालुक्यातच वडवळ नागनाथाचे बेट आहे. त्या टेकडीवर वनौषधी उगवतात आणि उत्तरा नक्षत्रात लोक त्यांसाठी तेथे जातात. ज्या झाडाचे मूळच औषधी, ते उपटले की त्या जागी ते संपले. आणि पाल्यावरून, वासावरून त्यास ओळखणारी वृद्ध मंडळी दरवर्षी कमी होत आहेत. यास्तव माझी सूचना अशी की, येत्या उत्तरा नक्षत्रात मुलांस तेथे न्यावे. सोबत एखादे जाणते आजोबा वा आजीबाई असाव्यात. त्यांनी दाखविलेले पान झाडावरच हाताळावे, फार तर गळलेले चुरगळून हुंगावे, आणि त्यांनी सांगितलेले नाव मुलांनी वहीत लिहून घ्यावे. मूळ कोणी उपटू नये. निघावे पहाटेस, सप्टेंबरातील उन्हास कमी लेखू नये.