रायफलीच्या पोटातला दाब आणि ताणमापक पट्टी
(महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ट्रस्टच्या महोत्सवात बोलण्यासाठी माझ्यासारख्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला बोलावलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी विद्वान नव्हे. जन्मभर उपकरणे लावली, तारा जोडल्या आणि आकडे टिपले. तेव्हा माझ्या धंद्यातलीच एक गोष्ट आपणापुढे ठेवतो. विषय बंदुकीचा असला तरी भगिनींनी बिचकू नये. बोलायचे आहे ते मोजमापाविषयी.

आपल्यापैकी बहुतेकांची मुळे खानदेशात आहेत. तापीकाठी भुसावळ तालुक्यात वरणगावला काडतुसांचा सरकारी कारखाना आहे, आणि त्याच तापीच्या मुखाशी आपण सुरतकर राहतो. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ पासूनचा. २०२१ च्या ऑक्टोबरपासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहेत. आपल्या हजिऱ्यातही आता वज्र नावाच्या स्वयंचलित तोफा तयार झाल्या आहेत. म्हणजे हा विषय आपल्याला तितकासा परका नाही.

रायफलीचा घोडा दाबला की काय होते? काडतुसाच्या बुडातली टोपी फुटते, आतली दारू पेटते आणि तिचा वायू होतो. त्या वायूला जागा हवी असते. गोळी पुढे सरकेपर्यंत तो सर्व बाजूंनी रेटा देतो. ज्या पोकळीत काडतूस बसते तिला चेंबर म्हणतात. आपण तिला कोठी म्हणू. पूर्वीच्या ३०३ रायफलीत या कोठीतल्या दाबाची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३,७०० किलो धरतात. नंतरच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसाला ती ४,२०० किलोंच्या घरात जाते. आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर चार टनांहून अधिक भार, असा त्याचा अर्थ. आणि हा सारा खेळ एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो.

हा दाब ठरलेल्या मर्यादेत राहिला तर रायफल वर्षानुवर्षे सेवा करते. मर्यादा ओलांडली तर पोलाद फाटते, आणि पोलादाला लागून सैनिकाचा गाल असतो, डोळा असतो. १९६२ च्या चीन युद्धानंतर आपल्या ईशापूरच्या कारखान्याने जुन्या धाटणीची रायफल नव्या ७.६२ काडतुसासाठी तयार केली, तेव्हा तिला अधिक चांगले पोलाद वापरावे लागले. घडण जवळपास जुनीच, पण भार वाढलेला. ही वाढ किती, हे मोजल्यावाचून पोलाद कोणते घ्यावे हे कोण सांगणार?

पूर्वीच्या काळी परीक्षा सोपी होती. नेहमीपेक्षा जास्त दारू भरायची, बंदूक उडवायची आणि ती शाबूत राहिली की तिच्यावर शिक्का मारायचा. आपल्या सुरतेच्या किल्ल्यावरच्या तोफांचा जमाना असाच. या परीक्षेने बंदूक वाचली एवढे कळते. ती फुटण्यापासून किती दूर होती हे कळत नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात अँड्र्यू नोबल यांनी तांब्याची युक्ती प्रचारात आणली. नळीला भोक पाडून त्यात दट्ट्या बसवायचा आणि दट्ट्यावर तांब्याची छोटी कांडी ठेवायची. वायूच्या रेट्याने कांडी चेपते. किती चेपली यावरून दाब काढायचा. शंभर वर्षे जगाने याच रीतीवर भिस्त ठेवली. परंतु तांबे जरा आळशी. क्षणभराच्या दाबाखाली त्याला पुरते चेपायला सवड मिळत नाही. म्हणूनच अमेरिकेत ३०८ विंचेस्टर या एकाच काडतुसाची मर्यादा तांब्याच्या मापाने ५२,००० आणि विजेच्या उपकरणाने चौरस इंचाला ६२,००० पौंड अशी दोन तऱ्हांनी छापली जाते. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. पण एकाच्या जागी दुसरा वाचला तर मोठा घोटाळा होतो.

आता माझ्या लाडक्या ताणमापक पट्टीकडे, म्हणजे स्ट्रेन गेजकडे येतो. तार ताणली की ती लांब आणि बारीक होते व तिचा विजेला होणारा विरोध वाढतो, हे विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५६ साली दाखवले होते. १९३८ च्या सुमारास अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, अशी बारीक तार वस्तूवर चिकटवून तिचा ताण मोजण्याची रीत काढली. रूज यांना बंदुकीशी कर्तव्य नव्हते. भूकंपात पाण्याच्या उंच टाक्यांचे काय होते, हे ते पाहत होते.

रायफलीवर ही पट्टी कोठीच्या बाहेरच्या अंगाला, नळीच्या घेराच्या दिशेने चिकटवतात. भोक पाडावे लागत नाही. आत दाब झाला की पोलाद किंचित फुगते. किती? कोठीचा आतला व्यास १२ आणि बाहेरचा ३० मिलिमीटर धरला, तर ३,५०० किलोंच्या दाबाला बाहेरचा व्यास एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाने वाढतो. डोक्याच्या केसाच्या जाडीचा हा तिसरा-चौथा हिस्सा! ३५० ओहमच्या पट्टीचा विरोध तेवढ्याने अर्धा ओहमसुद्धा वाढत नाही. हा इवलासा फरक पकडायला व्हीटस्टन ब्रिज नावाची चार हातांची जोडणी लागते. पाच व्होल्ट दिले तर हाती येतात दीड-पावणेदोन मिलिव्होल्ट. ते वाढवून पडद्यावर पाहिले की दाबाचा चढउतार डोंगरासारखा उमटतो. तांब्याची कांडी शिखराचाच अंदाज सांगे. इथे चढणही दिसते आणि उतरणही.

अर्थात पट्टी दाब सांगत नाही, ती सांगते पोलादाचा ताण. ताणावरून दाब काढायला नळीची जाडी नेमकी ठाऊक हवी. शिवाय काडतुसाचे पितळ फुगून भिंतीला टेकेपर्यंत थोडा दाब तेच खाऊन टाकते. म्हणून ज्यांचा दाब आधी पक्का ठाऊक आहे अशी प्रमाण काडतुसे उडवून पडताळा घ्यावा लागतो. हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. वैशाखाच्या उन्हात तापलेल्या काडतुसातली दारू अधिक वेगाने जळते आणि दाब चढतो. जैसलमेरचा सैनिक आणि लडाखचा सैनिक एकच काडतूस वापरतो, पण त्याचा दाब दोन्हीकडे सारखा नसतो.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. नोकरीची पहिलीच वर्षे होती. काडतुसांच्या एका खेपेची चाचणी माझ्याकडे होती. दाब छान मर्यादेत, किंबहुना थोडा कमीच आला. मी खूश होऊन तक्त्यावर सही केली. आमचे वडीलधारे फोरमन होते, त्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू. त्यांनी तक्ता पाहिला आणि विचारले, "कमी का आला?"

मी म्हणालो, "अण्णा, कमी आला म्हणजे चांगलेच की."

ते म्हणाले, "चांगले की वाईट ते मागाहून. कमी का, ते सांग."

मला सांगता येईना. त्यांनी खिशातून पेन्सिलीमागचे खोडरबर काढले आणि पट्टीवर हलकेच दाबले. काटा थरथरला आणि परत जागेवर येईना. पट्टीचा एक कोपरा सुटला होता. मी पोलाद नीट घासून पुसले नव्हते. कुठेतरी बोटाचे तेल राहिले होते. अण्णा एवढेच म्हणाले, "पट्टी खोटे बोलत नाही रे. चिकटवणारा बोलतो."

नवी पट्टी लावली आणि पुन्हा गोळ्या झाडल्या. दाब मर्यादेच्या वर गेला. तांब्याच्या रीतीनेही तेच निघाले, आणि ती खेप बाजूला काढली गेली. मी शरमेने जुना तक्ता फाडायला निघालो, तर अण्णांनी हात धरला. "फाडू नकोस. एक रेघ मार, बाजूला नवा आकडा लिही आणि खाली सही कर. काय चुकले होते ते उद्याच्या माणसाला वाचता आले पाहिजे."

त्या रात्री मला झोप आली नाही. कुठल्या तरी ठाण्यावर एखादा पोरगा माझ्या सहीवर विश्वासून ती रायफल गालाला लावणार होता. तो मला ओळखत नव्हता. मी त्याला कधी पाहणार नव्हतो. आमच्या दोघांमध्ये होता तो एक आकडा.

मंडळी, बंदूक आपल्यापैकी थोड्यांच्याच हाती येईल. पण ही पट्टी आपण रोज पाहतो. भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटात तीच असते, आणि उसाच्या गाड्या तोलणाऱ्या मोठ्या वजनकाट्याखालीही तीच. काट्यावर भाजी ठेवणारी गृहिणी आकड्यावर विश्वास ठेवते, तसाच आपण या ट्रस्टच्या हिशेबवहीवर ठेवतो. ज्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळते, ज्या विधवेला मदत जाते, त्यांनी आपली वही पाहिलेली नसते. त्या वहीतही चुकले तर रेघ मारायची असते, पान फाडायचे नसते. आणि आकडा मनासारखा आला, तरी तो का आला हे विचारणारा एखादा अण्णा सभेत असावा लागतो.

आपल्या मुलांना इंजिनियरिंग जरूर शिकवा. सुरतेत आता त्याची सोय आहे. पण सही करण्याआधी खोडरबर दाबून पाहण्याची सवयही त्यांना लावा, एवढीच माझी विनंती.