इंग्रजीच्या पाठातील नाम आणि क्रियापद
(प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी विषय पहिलीपासून सुरू झाला तो २००० साली; तत्पूर्वी तो पाचवीत येत असे. इंग्रजी शिकण्याचे वय खाली आले, व्याख्या मात्र जुन्याच राहिल्या. नाव सांगतो तो शब्द नाम, क्रिया सांगतो तो क्रियापद. परांडा वा वाशी तालुक्यातील एखाद्या वस्तीवरचा मुलगा ही वाक्ये तोंडपाठ म्हणतो आणि 'माय फादर्स वर्क इज हार्ड' या वाक्यातील 'वर्क'खाली क्रियापदाची रेघ ओढतो. वडिलांचे ऊसतोडीचे काम त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. काम ही क्रिया नव्हे, हे त्याला कोण पटवून देणार? वहीत तांबडी फुली पडते. वस्तुतः त्याने मिळालेली व्याख्याच प्रामाणिकपणे पाळलेली असते. अशा दहा-पाच फुल्या झाल्या की, इंग्रजी आपल्याला येणारच नाही, अशी त्याची समजूत दृढ होऊन बसते. ती पुढे पुसणे फार कठीण.

मराठीत क्रियापद बहुधा प्रत्ययावरून कळते : धावतो, धावली, धावेल. पाणिनीनेही पदांचे सुबन्त व तिङन्त असे वर्ग केले ते अंती येणाऱ्या प्रत्ययांवरून. इंग्रजीतही हजार वर्षांपूर्वी पुष्कळ प्रत्यय होते. पुढे ते बव्हंशी झिजून गेले. म्हणून 'वॉटर' हा शब्द एकटाच फळ्यावर लिहून त्याची जात विचारू नये. 'वुई ड्रिंक वॉटर' येथे तो नाम, 'वुई वॉटर द प्लांट्स' येथे क्रियापद. निर्णय वाक्यातील जागेवरून होतो.

ही गोष्ट मुलास अपरिचित नाही. 'हा खेळ चांगला' आणि 'तू खेळ'. 'त्याला मार बसला' आणि 'चेंडू मार'. 'मोराचा नाच' आणि 'तू नाच'. यांत पहिलीतील मूलदेखील गोंधळत नाही. पाठाचा आरंभ येथूनच करावा.

नंतर इंग्रजी वाक्य घेऊन त्यात 'येस्टरडे' घालण्यास सांगावे. 'वुई ड्रिंक वॉटर' मध्ये 'ड्रिंक'चे 'ड्रँक' होते, 'वॉटर' जसाच्या तसा राहतो. 'वुई वॉटर द प्लांट्स' मध्ये मात्र 'वॉटर'चेच 'वॉटर्ड' होते. 'माय फादर्स वर्क इज हार्ड' मध्ये 'इज'चे 'वॉज' झाले, 'वर्क' हलला नाही. काळाबरोबर जो शब्द बदलला तो क्रियापद, हे मूल आपणच शोधून काढते. 'पुट', 'कट' असे न बदलणारे शब्द आरंभी टाळावेत. ते मुद्दाम घालून मुलांची परीक्षा पाहण्यात काही शहाणपण नाही. शब्दाच्या आधी 'ए', 'द', 'माय' येतो काय, हीही खूण उपयोगी आहे. परंतु 'द बिग डॉग' सारख्या रचनेत मध्ये विशेषण येते, एवढे ध्यानात असावे. 'रेकॉर्ड' हा शब्द नाम असता आघात पहिल्या अक्षरावर येतो, क्रियापद असता दुसऱ्यावर. हे वरच्या वर्गांसाठी राखावे.

उमरग्याकडे काही मुलांच्या घरी कन्नड बोलतात, तांड्यांवर गोरबोली. 'खेळ'सारखी जोडी त्यांच्या बोलीत आहे काय, हे त्या मुलांनाच विचारावे. सापडली तर फळ्यावर लिहावी. न सापडली तर मराठीच्या जोडीवर काम भागते.