शरद ऋतूतील फळे-भाज्या आणि आपली मुले
(पालक मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. परंतु सकाळच्या प्रार्थनेला घेरी येऊन खाली बसणारी एखादी तरी मुलगी मला दरवर्षी दिसते. चौकशी केली की उत्तर ठरलेले, "सर, फक्त चहा घेतला." माझी थोरली आपा अशीच होती. घरात तिला सारे आळशी म्हणत, मीही म्हणे. पहिल्या बाळंतपणात रक्त तपासले तेव्हा कळले की तो आळस नव्हता, अंगात रक्तच कमी होते. ती बचावली, पण आमची ती बोलणी मला अजून टोचतात.

हे दुखणे एका घरचे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, पण आहारात लोह कमी पडणे हे मोठे कारण होय.

सध्या आश्विन महिना चालू आहे. लक्ष्मीपुरीच्या किंवा कपिलतीर्थाच्या मंडईत एक फेरी मारा. मेथी, लाल भोपळा, रताळी, भुईमुगाच्या ओल्या शेंगा, सीताफळे आणि पाठोपाठ पेरू व आवळे. हंगामातला माल ताजा असतो आणि खिशालाही परवडतो.

आपण आजाऱ्याला भेटायला जाताना सफरचंदे नेतो. शंभर ग्रॅम सफरचंदात 'क' जीवनसत्त्व दहा मिलिग्रॅमही नसते. तेवढ्याच पेरूत ते सुमारे दोनशे मिलिग्रॅम असते. आवळाही त्यात मागे नाही. पालेभाजीतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही, 'क' जीवनसत्त्व त्याला मदत करते. म्हणून मेथीच्या भाजीवर लिंबू पिळावे, जेवणानंतर पेरूची फोड द्यावी. मटणातले लोह शरीराला लवकर लागू पडते, पण मटण रोज कोणाला परवडते? जेवणाबरोबरचा चहा मात्र लोहाच्या आड येतो. तो तास-दीड तास लांबवावा.

लाल भोपळ्यातून 'अ' जीवनसत्त्व मिळते, ते डोळ्यांना हितकर असते. भाजीला थोडी तेलाची फोडणी असली म्हणजे ते नीट शोषले जाते. सीताफळ, रताळे पोटभरीचे. पण मधुमेह असणाऱ्यांनी बेताने खावे. उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड लावण्याची चाल काही घरांत आहे. ती पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. ही चाल सोडावी. उघड्यावरची कापलेली फळे घेऊ नयेत.

एवढे करूनही मुलगी फिकट दिसत असेल, तिला दम लागत असेल, तर दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्या चुकवू नका. फळे औषधाची जागा घेत नाहीत.

राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०६ साली याच करवीर नगरीत मुस्लिम बोर्डिंगला आधार दिला. मुलाला शिकवायचे तर आधी त्याच्या राहण्या-जेवणाची सोय हवी, हे त्यांनी ओळखले होते. आपण त्यांच्या शहरात राहतो. तेव्हा एकच विनंती : सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले मुलीच्या ताटात पडते, ती रीत आजपासून बंद करा. पेरू एकच असला तर पहिली फोड तिला द्या.